आईच्या कचऱ्यावर पेटलेला बल्ब

मंडळी, आज दुपारी जेवताना बाबा हसत हसत एक गोष्ट बोलून गेले.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुंबईत चारकोपला राहायला आलो, तेव्हा बाबांच्या गणपती मंडळाने कॉलनीत कचऱ्यापासून वीज करायची टाकी बांधली. गणपतीत बाप्पासमोरचा बल्ब त्या विजेवर पेटणार होता. आई रोज ओला कचरा वेगळ्या बादलीत काढून टाकीत टाकून यायची. आम्ही मालवणचे, घरात मासळी रोजची. पण बाप्पाचा दिवा मासळीवर पेटायला नको, म्हणून तिने त्या बादलीत एकही काटा जाऊ दिला नाही.

बल्ब पेटला तेव्हा आई रडली होती.

आज बाबा म्हणाले, "कसली वीज. टाकी कधी चाललीच नाही. वायर आम्ही मीटरवरून ओढली होती."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?" आईने विचारलं.

"अगं, मंडळात सगळ्यांनाच."

आई उठली आणि तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ओला-सुका कचरा एकाच पिशवीत कोंबला.

बाबा विचारतायत, एका बल्बचं एवढं काय. तुमच्यापैकी कोणी सांगेल का त्यांना? मला नाही जमलं.