उलट्या हाताचं व्हायोलिन

माझा दादा हट्टी. किती, तर पुठ्ठ्याच्या कारखान्यात कापायच्या यंत्रानं डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नेली, तेव्हा शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी व्हायोलिनचं विचारलं. संध्याकाळी तो नाचाच्या हॉलमधल्या बँडमध्ये वाजवायचा. तारांवर फिरायची ती डाव्या हाताची बोटं, आणि गेली तीच. लोक हळहळले, चार दिवस येऊन बसले आणि आपापल्या कामाला लागले. दादा मात्र व्हायोलिन बनवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला आणि म्हणाला, "मला उलटं करून द्या."

म्हाताऱ्यानं त्याला वेड्यात काढलं. नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही, पोटातली पट्टी आणि आवाज पेलणारी काठीसुद्धा दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते. दादा रोज त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायला लागला. शेवटी म्हाताऱ्यानं कंटाळून बनवायला घेतलं आणि मग त्याचाच जीव त्यात गुंतला. दादा पुन्हा पहिल्यापासून शिकला. उजव्या हाताची बोटं तारांवर, डाव्या थोट्या बोटांत गज. वर्षभर घरात मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखे आवाज यायचे. वहिनी कानात कापूस घालून स्वयंपाक करायची, पण बंद करा असं एकदाही म्हणाली नाही. बँडमध्ये त्याला कडेची खुर्ची मिळाली, कारण मध्ये बसवला की त्याचा गज शेजारच्याच्या गजाला भिडायचा.

तोच डावा हात म्हातारपणी थरथरायला लागला. डॉक्टरांकडे मीच बरोबर गेले होते. त्यांनी सांगितलेलं दुखणं आमच्या ओळखीचं होतं. वहिनीचे वडील त्यानंच गेले. तिनं त्यांना भरवलं, पुसलं, उचललं, आणि ते गेले त्या दिवशी ती म्हणाली होती, "पुन्हा हे बघायची ताकद नाही माझ्यात."

दवाखान्याच्या जिन्यात दादा थांबला. "हिला कळता कामा नये."

"कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहतो का?" मी म्हटलं.

"तू गप्प बस."

घरात व्हायोलिन असलं की वहिनी रोज विचारणार, आज का नाही वाजवलंत? म्हणून विकायचं ठरलं. वहिनीला सांगितलं, कंटाळा आला. पण वाजवणाऱ्याच्याच हातात द्यायचं, ही त्याची अट. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला भिंतीवर लावायला मागत होता, त्याला दादानं दारातूनच कटवला.

मग बेकरीतली बाई आली. भट्टीवर तिचा डावा हात भाजला होता, बोटं आखडून गेली होती. ती पूर्वी वाजवायची. दादाचं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. व्हायोलिन समोर ठेवलं तरी तिनं हात लावला नाही.

"काका, एकदा वाजवून दाखवा. असं होऊ शकतं का, एवढंच बघायचंय मला."

वाजवून दाखवल्याशिवाय वाद्य विकायचं नाही, ही त्या धंद्याची रीतच. आणि हे वाजवणारा माणूस एकच. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली आणि ऐकायला दारातच थांबली. दादानं व्हायोलिन उजव्या खांद्याला लावलं. गज तारेवर ठरेना. नुसती घरघर. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा तेच.

बाईनं बिचकत विचारलं, "आत काही सुटलंय का?"

दादानं दाराकडे पाहिलं. माझा हात थरथरतोय, एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "हो, सुटलंय. पहिल्यापासूनच दोष आहे. उलटं केलेलं कधी नीट वाजत नाही. तुम्ही या नादाला लागू नका."

नाचता येईना अंगण वाकडं, हे आम्ही आजवर दुसऱ्यांना ऐकवत आलो. ते बनवणाऱ्या म्हाताऱ्याच्या कामाला कधी कुणी नाव ठेवलं नव्हतं, ते माझ्या भावानं ठेवलं. बाईनं आपला आखडलेला हात मांडीवर ओढून घेतला. चहा न पिताच गेली. मला दादाचा इतका राग आला होता की मीही जेवायला थांबले नाही.

शेवटी वाजत नाही असं सांगून दादानं व्हायोलिन हॉटेलवाल्यालाच दिलं. नंतर एकदा मी दादा-वहिनीकडे जेवायला असताना दादाच्या हातून वाटी सांडली. हात लपवायला जागा उरली नाही. त्यानं सांगून टाकलं. वहिनी फरशी पुसत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "एक हात खिशात घालून जेवायला लागलात, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कळू नये असं तुम्हाला वाटत होतं. म्हटलं, असू दे." तिनं फडकं पिळलं. "पण त्या बाईशी असं का बोललात हो?"

दादा ताटावरून उठला. मी चप्पल घालून मागोमाग धावले. हॉटेलात व्हायोलिन गल्ल्याच्या वर होतं. भिंतीवर पक्कं बसावं म्हणून हॉटेलवाल्यानं ते उघडून पाठीतून तीन स्क्रू मारले होते. पोटातल्या काठीची अडचण होते म्हणून ती काढून टाकली होती. "तुम्हीच म्हणालात ना, वाजत नाही," तो म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं?

मला वाटलं, आता दादा घरी जाईल. तो बेकरीत गेला. बाई उजव्या हातानं पाव पिशवीत भरत होती.

"व्हायोलिनमध्ये दोष नव्हता," दादा म्हणाला. डावा हात त्यानं काउंटरवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. "दोष यात आहे. ते चांगलं होतं. तुम्हाला आलं असतं वाजवता."

बाईनं हाताकडे पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. ते बघवलं नाही मला.

"मग आता द्याल का?" ती म्हणाली.