अठरा गेजची पेटी

मास्तरांनी आयुष्यभर लोखंडी कपाटं केली. एकाच कारखान्यात अडतीस वर्षं. पत्रा कापायच्या टेबलापासून सुरुवात झाली आणि शेवटी कुलपांच्या विभागाचे मुख्य होऊन बाहेर पडले. शाळेत कुणाला एक धडाही शिकवला नव्हता, तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत, कारण त्यांच्या हाताखाली चूक करायची सोयच नव्हती. कपाटाचं दार मिटताना जरा वेगळा आवाज आला की मास्तर पाठमोरे असतानाच सांगायचे, वरची बिजागरी अर्धा सूत खाली गेलीय. बघावं तर खरंच गेलेली असायची. आता अशा माणसाला एक खोड लागतेच लागते. काही बिघडलं की ते दुसऱ्यानंच बिघडवलेलं असणार, हे त्याचं आधीच ठरलेलं असतं.

बोलणं मात्र तोलूनमापून. घरातलं बोलायचं काम सगळं बायकोकडे. ती भाजी निवडताना बोलायची, कपडे वाळत घालताना बोलायची, अंघोळीला गेली तरी दारातून एक वाक्य आत-बाहेर चालू असायचं. हे पेपरामागून ‘हं’ म्हणायचे. एवढ्या ‘हं’वर तिनं चाळीस वर्षांचा संसार कसा निभावला, तिचं तिला ठाऊक. लेकीच्या लग्नाची बोलणी तिनं केली, वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण तिनं केलं, आणि मिटवलंही तिनंच. कारखान्यातली मंडळी तिला मास्तरीणबाई म्हणायची आणि काही काम असलं तर मास्तरांना सोडून आधी तिलाच गाठायची.

तर ही बाई एके दिवशी सकाळी स्वयंपाकघरात ओट्यापाशी कोसळली. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, फक्त शब्द हाताला लागत नाहीत. एकच शब्द मागे राहिला होता, ‘नको’. चहा देऊ का? नको. मग नको ना चहा? नको. पंखा लावू? नको. आणि पंखा बंद केला की डोळ्यांत पाणी. मानेनं सांगावं तर मानही उलटसुलट हलायची. तहान लागलीय की पाय दुखतोय हे ओळखायला मास्तर तिच्यासमोर एकेक वस्तू धरून उभे राहायचे, आणि ती जिच्याकडे जरा जास्त वेळ बघेल ती खरी मानायचे. जी उभ्या जन्मात कुणाला बोलण्यात हार गेली नाही, तिची ही दशा. बघवत नव्हतं.

दुसऱ्या शहरात असलेल्या लेकीनं धावाधाव करून बोलणं शिकवणाऱ्या एक बाई शोधल्या. त्या त्यांच्या गावाहून व्हिडिओवर शिकवायच्या. आधी फोनवर करून पाहिलं, पण फोनवरचं तोंड अंगठ्याएवढं. ओठ कसे हलतात हेच दिसेना तर शिकणार काय? मग लेकीनं मोठा स्मार्ट टीव्ही पाठवला, त्याच्यावर छोटा कॅमेरा बसवून घेतला, घरात वाय-फाय आणलं. टीव्ही पलंगासमोरच्या भिंतीवर आणि वाय-फायचा राउटर बाहेर पॅसेजमध्ये एका स्टुलावर. रोज दुपारी चारला बाईंचा चेहरा भिंतभर यायचा.

बाईंनी पहिल्याच दिवशी मास्तरांना सांगितलं होतं, “काका, आपल्याला बाकी काही नको. आधी ‘हो’ मिळवायचा. ‘हो’ आणि ‘नको’ आपापल्या जागी बसले ना, की काकूंना जगातलं काहीही विचारता येतं. पण हे पहिले महिने फार मोलाचे आहेत. खाडा करू नका.”

मास्तरांनी एक दिवस खाडा केला नाही. दीड महिन्यात तिचे ओठ गोल व्हायला लागले. मग नुसत्या हवेचा ‘ह’ यायला लागला. बाई म्हणाल्या, आता आठवड्याभरात येईल बघा. त्या दिवशी मास्तर स्वतः होऊन लेकीला फोन करून बोलले. फक्त तीन वाक्यं, पण लेक घाबरून गेली, तिला वाटलं बाबांचा फोन म्हणजे काय झालं आता.

आणि दुसऱ्याच दिवशी, शिकवणी चालू असताना, झाडलोट करणाऱ्या बाईचा झाडू स्टुलाला लागला, राउटर खाली पडला, आणि भिंतीवरचा चेहरा गेला. वायर खोचल्यावर पाच मिनिटांत परत आला म्हणा, पण मास्तरांचं टाळकं सरकलं ते सरकलंच. एवढी मोलाची वस्तू आणि ती स्टुलावर? त्यांनी माळ्यावरचा पत्रा काढला, जुनी हत्यारं काढली, आणि दोन दिवस बाल्कनीत ठोकठोक करून राउटरसाठी पेटी केली. अठरा गेजचा जाडजूड पत्रा, आतून रंग, हवा खेळायला बारीक फटी, वायरीपुरतं भोक, झाकणाला कुलूप. भिंतीत चार खिळे मारून पक्की बसवली. फटीतून राउटरचे हिरवे दिवे दिसायचे. काम असं झालं होतं की बघत राहावं. आता कुणाच्या बापाची बिशाद नव्हती त्याला हात लावायची.

पेटी बसली त्या दिवशी चारला बाईंचा चेहरा आला, तुकडे तुकडे झाला, आणि गोठला. मग टीव्हीवर एक गोल फिरत राहिला.

मास्तरांनी लगेच निदान केलं, वाय-फायच्या कंपनीची लाइन खराब. तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, राउटर तीस सेकंद बंद ठेवून चालू करा. मास्तरांनी कुलूप काढलं, बटण बंद केलं, मनात तीस मोजले, बटण चालू केलं, झाकण लावलं, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि मग खोलीत जाऊन टीव्ही बघितला. गोल फिरतोय. कारखान्याची शिस्तच तशी होती. उघडं कपाट सोडून माणूस जागचा हलायचा नाही. अडतीस वर्षांत जे हाताला लागलं ते निवृत्तीनंतर सुटतं होय?

पुढचे नऊ दिवस हेच चाललं. त्या मुलीनं जे जे सांगितलं ते ते मास्तरांनी वहीत लिहून घेतलं आणि तस्सं केलं. टीव्हीतलं वाय-फायचं नाव पुसून परत घातलं. रिमोटच्या बाणानं एकेक अक्षर गाठत पासवर्ड टाकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. टीव्ही सगळाच्या सगळा नव्यासारखा करून पाहिला. मधेच सिग्नलची एक काडी दिसायची, मास्तरांच्या जिवात जीव यायचा, आणि बाईंचं ‘नमस्कार काकू’ पुरं व्हायच्या आत सगळं गप्प. राउटरला हात लावायची वेळ आली की कुलूप काढायचं, काम करायचं, कुलूप घालायचं, आणि मगच टीव्ही बघायला जायचं. मधल्या दोन दिवसांत फोनच्याच नेटवर शिकवणी करून पाहिली, तर तिनं तोंड बाजूच्या भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच.

फोन बंद करताना बाई म्हणाल्या, “काका, लवकर काहीतरी करा. अशा माणसानं एकदा प्रयत्न सोडला ना, की त्याला परत तिथं आणायला फार वेळ जातो.”

याच दिवसांत मास्तरीणबाईंनी एक नवीनच सुरू केलं होतं. मास्तर टीव्हीशी झटायला लागले की त्या डावा हात उचलून दाराकडे करायच्या. मास्तर विचारायचे, दार लावू का? त्या म्हणायच्या, नको. आता त्यांच्या ‘नको’ला काय अर्थ होता? उजेड डोळ्यांवर येत असेल म्हणून मास्तर दार लावून घ्यायचे. हात परत वर. परत नको, नको, नको. एकदा तर त्यांनी पलंगाच्या लोखंडी दांडीवर तळहात आपटला, आपटतच राहिल्या, लाल होईपर्यंत. मास्तर वैतागले आणि म्हणाले, जरा धीर धर, मी करतोय ना सगळं. त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि त्या दिवसापासून हात उचलणं बंद केलं.

दहाव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. चाळिशीचा, खांद्याला पिशवी, मुकाट्यानं काम करणारा. मास्तरांनी त्याच्यासमोर नऊ दिवसांची वही ठेवली आणि तुमची लाइन कशी रद्दी आहे हे मोजक्या शब्दांत ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं, पेटी उघडायला सांगितली, आपला लॅपटॉप जोडला. लाइन ठणठणीत होती. मास्तर म्हणाले, मग टीव्हीच भिकार असणार. त्यांनी झाकण लावलं, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि खोलीकडे निघाले.

तो माणूस जागचा हलला नाही. एकदा पेटीकडे बघितलं, एकदा मास्तरांच्या हातातल्या किल्लीकडे.

“काका, एक करा,” तो म्हणाला. “कुलूप काढा. झाकण उघडंच राहू द्या. आणि आता आत जाऊन बघा.”

टीव्हीवर चित्र लख्ख होतं. बातम्या देणारी बाई घडाघडा बोलत होती. बाहेरून त्या माणसानं झाकण लावलं, बातम्यावाली थांबली. उघडलं, बोलायला लागली. तो आत येऊन हलकेच म्हणाला की वाय-फाय हवेतून येतं ना काका, जाड पत्रा त्याला अडवतो, फटीतून येतं ते पुरत नाही. पेटी झकास झालीय, दुसरं काहीतरी ठेवा तिच्यात. मास्तरांना वाटलं होतं तो हसेल. हसला असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर मास्तर पलंगाच्या कडेला बसले आणि बायकोच्या उशीच्या उंचीला डोकं नेऊन दाराकडे बघितलं. दारातून पॅसेज दिसत होता, पॅसेजच्या भिंतीवर पेटी, आणि दुसरं काहीच नाही. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पेटी बसली आणि चेहरा गेला, एवढं साधं तिनं पडल्यापडल्या जोडलं होतं. ती सांगत होती, आणि हे तिच्या तोंडावर दार लावत होते.

चार वाजता बाई आल्या, भिंतभर, स्वच्छ. म्हणाल्या, काकू, माझ्याकडे बघा, ओठ गोल करा. काकूंनी बघितलं नाही. ओठ हलले नाहीत, तो हवेचा ‘ह’सुद्धा आला नाही. अर्धा तास बाईंनी गोंजारून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, हरकत नाही, पहिल्यापासून सुरू करू. आणि काय बिघडलं होतं हो, असं त्यांनी सहज विचारलं.

“कंपनीची लाइन,” मास्तर म्हणाले.

बाई गेल्या. टीव्ही काळा झाला. मास्तरांनी बायकोकडे बघितलं तर ती त्यांच्याकडेच बघत होती. इतके दिवस भिंतीकडे असलेलं तोंड आता पुरतं यांच्याकडे होतं. रागावलं की माणूस जिवंत दिसतो, आणि ती भलतीच रागावलेली होती. या माणसाला असली वाक्यं येत नव्हती हो. कधी म्हटलीच नव्हती.

“लाइन नव्हती,” ते म्हणाले. “माझी पेटी होती. तू सांगत होतीस. चूक माझी.”

तिच्या ओठांची नुसती थरथर झाली. मग ते गोल झाले. आधी हवा आली, आणि हवेपाठोपाठ आवाज.

“हो.”

स्पष्ट. आणि चांगलाच ठसक्यात.

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी पुसलंसुद्धा नाही. पुन्हा म्हणाले, चूक माझी होती ना? हो. तिसऱ्यांदा विचारलं, तरी हो. बाईंना फोन करायचं, लेकीला कळवायचं, काही सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की आपल्या चुका सांगितल्या की ही बोलते. मग ते सांगायलाच बसले. तुझी आई आजारी होती तेव्हा माझ्या जेवणाचे हाल होतील म्हणून तुला धाडलं नाही, चूक माझी. हो. लेकीला चित्रकला शिकायची होती, ऐकून घेतलं नाही. हो. तू एवढं बोलायचीस आणि मी नुसतं हं म्हणायचो, त्यातलं निम्मं मी ऐकतही नव्हतो. यावर ती हसल्यासारखी झाली, तोंडाची एकच बाजू वर गेली. हो. मास्तर चाळीस वर्षांत बोलले नव्हते इतकं त्या दुपारी बोलले.

शेवटी एकच उरलं. ते कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरांना नाही आणि लेकीलाही नाही.

“तू ओट्यापाशी पडलीस ना,” मास्तर म्हणाले, “तो आवाज मी ऐकला होता. वाटलं, काहीतरी भांडं पडलं असेल. हातातलं पान वाचून पुरं केलं, मग उठलो. लगेच उठलो असतो तर कदाचित तू आज बोलत असतीस. तीही चूक माझीच.”

ते ‘हो’ची वाट बघत राहिले. मग तिनं डावा हात उचलला आणि त्यांच्या तोंडावर ठेवला.

“नको,” ती म्हणाली.

आणि हा ‘नको’ आपल्या जागी होता, हे मास्तरांना कुणी समजावून सांगायला लागलं नाही.