जपानच्या टेकडीवर बाबांची थापी

त्सुनामीनंतर किनाऱ्यावरची वस्ती टेकडीवर हलणार आहे. त्याआधी आम्ही तिथे उत्खनन करतोय. सापडलेल्या खापरांवर दोराचे ठसे आहेत. सहकारी एमा अमेरिकेतल्या पोटावाटोमी जमातीची. तिच्या पूर्वजांच्या मडक्यांवरही असेच ठसे असायचे, म्हणून ती इथे आली.

आठवडाभर ती तसं मडकं घडवायला बघतेय. आजही मडक्याची भिंत फाटली. मी आतून दगडी गोटा धरला आणि बाहेरून लाकडी थापी मारत गेले. भिंत सहा मिलिमीटर जाडीवर एकसारखी झाली. गावी आमच्या अंगणात दुपारी येतो तोच थापीचा आवाज तंबूत येत होता.

"कुठे शिकलीस?" एमाने विचारलं.

दोन वर्षं इथे मी 'वडिलांचा व्यवसाय आहे' एवढंच सांगितलं होतं.

"बाबा कुंभार आहेत."

"आणि मी आठवडाभर एकटीच चिखलाशी झगडतेय?"

संध्याकाळी फोनवर बाबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "माती कशी आहे तिकडची?"

तुमच्या घरच्या कोणत्या व्यवसायाचं नाव तुम्ही चारचौघांत घेत नाही?