रिजेक्टकाकांचं रीळ

लग्नाच्या पंगतीत रिजेक्टकाका जिलबी आधी उजेडाकडे धरून बघत. पाक सगळीकडे सारखा मुरला आहे याची खात्री पटली की मग ती तोंडात जाई, आणि तोवर शेजारच्याचा मठ्ठाही पिऊन झालेला असे. एकदा त्यांनी जिलबी तशीच ताटात ठेवली आणि वाढप्याला हळूच म्हणाले, "या घाण्याचा माल थांबवा." वाढप्याला वाटलं वधूपित्याचा निरोप आहे. पुढच्या दोन पंगतींना जिलबी मिळाली नाही.

इरा, नील, तुम्ही लहानपणी सिल्वासाला आला होतात तेव्हा ज्यांनी तुमचा पतंग हातात घेऊन "डावीकडे जड आहे" असं सांगितलं होतं, ते हेच. आमच्या समोरच्या बंगलीत राहायचे. मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे, म्हणून आधी त्यांचं काम सांगते.

ते नाशिकचे इंजिनिअर. नरोली रस्त्यावरच्या एका धाग्याच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. समोरून पॉलिएस्टरच्या धाग्याची रिळं जात, हे एखादी गाठ, एखादी केसाळ जागा शोधत आणि 'रिजेक्ट'चा लाल स्टिकर लावत. निवृत्तीच्या दिवशी टेबल सुटलं, पण स्टिकरच्या दोन गुंडाळ्या घरी आल्या. लाल गुंडाळी अर्धी संपलेली, हिरवी जवळजवळ कोरी. कंपनीने निरोपाला दिलेलं घड्याळ किंचित मागे पडतं असं आढळल्यावर त्यालाही लाल स्टिकर लागला आणि ते भिंतीवर तसंच टांगलं गेलं. त्यांची बायको कुंदाताई म्हणायच्या, "माझ्या पाठीवर बघा हो सुधाताई, लावलाय का ते."

त्यांची मुलगी अनुया. तिला सांगून आलेली स्थळंही याच टेबलावरून गेली. एक मुलगा चहा पिताना आवाज करतो म्हणून गेला, एक अजिबात आवाज करत नाही म्हणून. "काहीतरी लपवतोय," काका म्हणाले. शेवटी अनुयाने दमणला नोकरी धरली आणि तिथलाच एक मुलगा स्वतः पसंत केला. हितेश. दमणच्या मच्छीमारांच्या घरातला, वडिलांची बोट, आणि हा हौशी लोकांना खोल समुद्रात गळ टाकायला घेऊन जायचा.

हितेश मागणी घालायला आला तेव्हा आम्ही दोघं तिथे होतो. तुमच्या आजोबांना काकांनी साक्षीदार म्हणून बसवलं होतं. कांदेपोहे झाले. मग त्या बिचाऱ्याने आपल्याकडचं सगळ्यात चांगलं पुढे केलं.

"सर, एकदा बोटवर या ना. लांब घेऊन जातो. गळ टाकू, मजा येईल."

काका जन्माचे शाकाहारी. पोहणं येत नाही. दमणगंगेच्या पुलावरून जातानासुद्धा गाडीची काच वर करणारे. पण 'नाही' म्हणायला कारण सांगावं लागतं, आणि खरं कारण सांगणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "येईन. पण आधी गळाला योग्य रीळ मिळायला हवं. हलक्या साधनाने मी काम करत नाही."

"रीळ माझ्याकडे आहेत ना, सर."

"मी तपासलेली नाहीत."

संपलं. महिन्याभरात अनुयाने नोंदणी पद्धतीने लग्न केलं. काका त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. दात उत्तम होते. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद झालं. कुंदाताई रोज पोळ्या करताना एवढंच म्हणायच्या, "या दोघांना एकदा एका खोलीत बसलेलं बघू दे, बास."

आता दुसरा कोणी असता तर रिळाची सबब विसरून गेला असता. काका नाहीत. तोंडातून शब्द गेला म्हणजे काम सुरू झालं. त्यांनी खोल समुद्रातल्या मासेमारीच्या रिळांचा अभ्यास आरंभला. संगणकावर परदेशी माणसं बोटीवरून ओरडत मासे ओढायची आणि हे समोर वही-पेन्सिल घेऊन बसायचे. मासा दिसला की डोळे मिटायचे, रीळ दिसलं की उघडायचे. पाहुण्यांना आता चहाबरोबर व्याख्यान मिळू लागलं.

"वहिनी, बाहेरच्या चमकेवर जाऊ नका. अंग एकसंध धातूचं आहे का बघा. आतल्या बेअरिंगपर्यंत पाणी पोचतं का बघा. समुद्राचं मीठ फार सोशिक असतं. पहिल्या दिवशी काहीच करत नाही."

"तुम्ही मासा खात नाही आणि धरणार कसा?" मी विचारलं.

"खाणं आणि धरणं ही दोन वेगळी डिपार्टमेंट आहेत," ते म्हणाले.

सगळ्यात जास्त ते ड्रॅगवर बोलत. ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. मोठा मासा जोरात पळाला की दोरी तुटू नये म्हणून रिळाने ती थोडी थोडी सोडायची असते. अगदी सैल सोडलं तर मासा गेला, घट्ट धरलं तर दोरी गेली. "सोडायचं, पण हातातून जाऊ द्यायचं नाही," काका बोटांनी दाखवत. कुंदाताई आतून म्हणाल्या, "ऐका, कोण सांगतंय!" काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिलं रीळ कुरिअरने आलं तेव्हा ड्रॅगची चाचणी घ्यायला मासा हवा होता. तुमच्या आजोबांनी मासा व्हायचं कबूल केलं. दोरीचं टोक स्कूटरच्या मागच्या कॅरियरला बांधलं, काका व्हरांड्यात गळाची काठी धरून उभे राहिले.

"आज मी कोण? सुरमई की कुपा?" आजोबांनी हेल्मेट घालत विचारलं.

"कुपा. पण सुरुवात हळू करा."

कुपा हळू निघाला, मग कॉलनीच्या फाटकापाशी त्याने वेग घेतला. रीळ कर्र करून फिरलं आणि मध्येच गच्च अडकलं. काका व्हरांड्यातून दोन पायऱ्या खाली आले, स्कूटर जागच्या जागी गुरगुरत राहिली. नेमकी तेव्हाच कारखान्याची बस सुटली होती. नरोलीला खोल्या करून राहणारी खानदेशची मंडळी खिडक्यांतून बघत होती. एकजण ओरडला, "काका, सोडू नका! मासा भारी शे!" आजोबांनी त्याला हात केला. काकांनी शांतपणे रिळाला लाल स्टिकर लावला.

ड्रॅगनंतर मिठाची पाळी. पुढची रिळं त्यांनी बादलीत मीठ-पाणी करून बुडवली, मग कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने लटकवून भिंगातून गंज शोधला. भिजवलेली वस्तू परत पाठवणं त्यांना अप्रामाणिक वाटे, त्यामुळे सगळी नापास मंडळी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मुक्कामाला आली. "लोकांच्या कपाटात काचेची बदकं असतात," कुंदाताई म्हणायच्या, "आमच्याकडे अनुत्तीर्णांचं वसतिगृह आहे."

एके दिवशी काका माझ्याकडे आले. आमच्या तुळशीची वाळकी पानं खुडू लागले.

"वहिनी, निकाल विश्वासार्ह नाहीत. घरचं मीठ आयोडीनचं असतं. खऱ्या समुद्राचं पाणी पाहिजे."

"मग आणा की. दमण काय लांब आहे?"

"मला जमणार नाही. तुम्ही... तिला फोन करा. दोन कॅन म्हणावं. कामासाठी आहे, हे स्पष्ट सांगा."

मी फोन केला. अनुया म्हणाली, "भरतीचं हवंय की ओहोटीचं, ते विचारा त्यांना." मुलगी त्यांचीच होती.

पहिल्या रविवारी हितेश दुपारी उशिरा पोचला. दमणहून इकडे यायचं तर मध्ये गुजरात लागतं, आणि तिथे दारूबंदी. दमणच्या गाडीत पाण्याचे कॅन म्हटल्यावर नाक्यावर कोण सोडणार? हवालदाराने झाकण उघडलं, वास घेतला, विश्वास बसेना म्हणून बोट बुडवून चाटलं.

"खारू छे!" त्याने दुसऱ्याला हाक मारली. त्यानेही चाटलं.

"समुद्राचं पाणी आहे, साहेब," हितेश म्हणाला. "सासऱ्यांना पाहिजे."

हवालदाराने त्याच्याकडे फार करुणेने बघितलं आणि गाडी सोडली. पुढे पुढे तर त्याची गाडी दिसली की नाक्यावरचे लोक लांबूनच विचारत, "ससरा मान्या के नहीं?"

सासरे मानले नव्हते. पहिल्या रविवारी हितेश फाटकापाशीच उभा राहिला. "सर, पाणी लई आव्यो." काकांनी कॅन घेतले, "ठीक आहे" म्हणाले आणि आत गेले. अनुया गाडीत बसून होती, काच वर. वडिलांचीच सवय. कुंदाताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसत्या बघत राहिल्या.

पुढच्या रविवारी काकांनी हितेशला व्हरांड्यात बोलावलं, कारण पाण्याचा गढूळपणा त्याच्यासमोर तपासायचा होता. त्याच्या पुढच्या वेळी चहा आला. हितेशने तो फुर्र आवाज करत प्यायला. काका म्हणाले, "गरम आहे का?" मग एकदा पावसाची सर आली आणि कुंदाताईंनी छत्री घेऊन जाऊन मुलीला गाडीतून अक्षरशः ओढून आणलं. अनुया व्हरांड्याच्या एका टोकाला बसली, काका दुसऱ्या. मध्ये बादली, बादलीत रीळ.

"किती वेळ ठेवता?" तिने बादलीला विचारलं.

"रात्रभर," काकांनी बादलीला सांगितलं.

अशी सुरुवात झाली. नंतर दर रविवारी चौघांचं जेवण होऊ लागलं आणि जेवणानंतर आम्ही दोघं गेलो की रिळांवर वाद. हितेश लहानपणापासून बोटीवर वाढलेला, त्याचं मत ठाम. काकांचं वाचन दांडगं, त्यांचं मत त्याहून ठाम. आवाज चढले की कुंदाताई माझ्याकडे बघून हसत. इतक्या वर्षांनी त्या घरात कोणीतरी काकांशी भांडत होतं आणि पुन्हा पुढच्या आठवड्यात येत होतं.

मग ते रीळ आलं. काळं, जड, हितेशने स्वतः शोधून दिलेलं. अंग एकसंध, दांडी फिरवली तर लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते. कुपाने, म्हणजे आजोबांनी, पुन्हा स्कूटर पळवली. दोरी सरसर, एकसारखी सुटत गेली. मिठात ठेवलं, गंज नाही. पुन्हा ठेवलं, नाही. आम्ही सगळे हिरव्या स्टिकरची वाट बघत होतो.

"आवाज किंचित खालच्या पट्टीत आहे," काका म्हणाले. "अजून चाचणी लागेल. पाणी ताजं पाहिजे."

मी घरी जायला निघाले तेव्हा कुंदाताई फाटकापर्यंत आल्या. "सुधाताई, कळलं ना? हे रीळ कधीच पास होणार नाही." मी विचारलं, "का? बोटीवर जावं लागेल म्हणून?" त्या म्हणाल्या, "ते कारण जुनं झालं. पास झालं तर पाणी कोण आणणार?"

सुरुवातीला हा माणूस लेकीकडे जावं लागू नये म्हणून रिळं नापास करत होता. आता लेक यावी म्हणून करत होता. शिक्का तोच.

दिवाळीनंतर अनुयाने सांगितलं, हितेशचे चुलते विलायतेत आहेत, कागदपत्रं झाली आहेत, दोघं तिकडे जाणार. दमणवर पूर्वी पोर्तुगीजांचं राज्य होतं, त्या हक्काने तिथल्या कितीतरी घरांतली माणसं अशी परदेशी गेली होती, त्यात नवल काही नव्हतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळतं का तेवढं तपासलं आणि आत जाऊन पडले. त्या आठवड्यात ते आमच्याकडे एकदाही आले नाहीत. कुंदाताईंना एकच भीती होती, की हे पुन्हा दाताच्या डॉक्टरकडे जातील.

शेवटच्या रविवारी हितेश कॅन घेऊन फाटकात आला. काका बाहेर आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, पायात बूट.

"पाणी नको," ते म्हणाले.

कुंदाताईंनी माझा हात धरला.

काकांच्या हातात ते काळं रीळ होतं आणि त्यावर हिरवा स्टिकर. जरा वाकडा लागला होता. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"पास आहे. चला, कुठे तुमची बोट?"

हितेशने कॅन खाली ठेवले. मग म्हणाला, "आव ने, पप्पा." हा शब्द त्याने पहिल्यांदाच वापरला. काकांनी त्यात दुरुस्ती केली नाही.

आम्ही सगळेच गेलो. समुद्र शांत होता, तरी काकांनी एक हात बोटीच्या कठड्यावरून आणि दुसरा अनुयाच्या मनगटावरून हलवला नाही. किनारा दिसेनासा झाल्यावर हितेशने गळ टाकला आणि काठी त्यांच्या हातात दिली. तेव्हा कुठे त्यांनी कठडा सोडला. बऱ्याच वेळाने एक जोरदार हिसका आला आणि रीळ गाऊ लागलं. दोरी सुटतेय, सुटतेय. "फिरवा, पप्पा, फिरवा!" हितेश ओरडत होता. काका फिरवत नव्हते. डोळे रिळावर, तोंडावर पोरासारखा आनंद. "सोडतंय बघ! अनु, बघ, किती एकसारखं सोडतंय!"

दोरी पार संपेपर्यंत त्यांनी ती जाऊ दिली. मासा गेला. त्यांना बहुतेक मासा असल्याचं आठवतच नव्हतं. परतताना त्यांना दोनदा उलटी झाली आणि दोन्ही वेळा अनुयाने पाठ चोळली.

ते रीळ काका हितेश-अनुयाला देणार होते. हितेशने घेतलं नाही. म्हणाला, "इथेच ठेवा. आम्ही आलो की लागेल." मग काका दर रविवारी ते गोड्या पाण्याने धुवायचे, पुसायचे, आणि अनुयाचा व्हिडिओ कॉल आला की फोनजवळ धरून दांडी फिरवायचे. "आवाज ऐक. अजून तसाच आहे." ती तिकडून म्हणायची, "किंचित खालच्या पट्टीत आहे हो, बाबा. लक्ष ठेवा."

गेल्या वर्षी काका गेले. झोपेतच, कोणाला तक्रारीला जागा न ठेवता. कुंदाताईंनी लाल स्टिकरवाली सगळी रिळं हितेशच्या भावाला बोटीसाठी देऊन टाकली. तो म्हणतो, सगळी उत्तम चालतात. काळं कपाटात एकटं आहे. रविवारी फोन वाजला की आता कुंदाताई दांडी फिरवतात.

तर मुलांनो, तुम्ही मला पाठवलेला टॅब्लेट. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, पण तो अजून समाधानकारक चालत नाही. काय बिघडलं आहे ते नेमकं सांगता येणार नाही. कुंदाताईंकडून एक लाल स्टिकर आणून मी त्याच्या पाठीवर लावला आहे. येत्या रविवारी फोन करून पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावून सांगा.