खोडरबरमावशी आणि खुनी नसलेलं पुस्तक

आमच्या वाचनालयात काउंटरवर बसणाऱ्या मावशींना सगळे खोडरबरमावशी म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, माझीही नाही. राग त्यांच्या नाकावर बसलेला नसे, तिथे बिऱ्हाड थाटून राहिलेला असे. पण त्याला कारणही तसंच होतं. ते कारण म्हणजे आम्ही वाचक.

रहस्यकथा वाचून झाली की समासात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचं, ही आमची जुनी वाईट खोड. आमच्यातल्या शिंप्याचा तर त्यात हातखंडा. 'खून माळ्याने केला, उगाच डोळे फोडू नका,' असं तिसऱ्याच पानावर लिहून मोकळा. म्हणून परत आलेली प्रत्येक रहस्यकथा मावशी पानन् पान चाळायच्या. पेन्सिल असेल तर खोडायच्या, शाई असेल तर वर पांढऱ्या कागदाची पट्टी डिंकाने चिकटवायच्या. एवढं झाल्यावरच पुस्तक कपाटात जायचं. यात त्यांची मात्र अशी गत झाली होती की प्रत्येक खुनी त्यांना आधीच ठाऊक. हलवायाच्या दुकानात मधुमेही बसवावा, तसं. नवरा गेल्यापासून दिवसभर बोलायचं, भांडायचं ठिकाण तेवढं एकच होतं, ते काउंटर.

मग ती नव्या धाटणीची रहस्यकादंबरी आली. पहिल्यांदा नेली प्राध्यापकबाईंनी. परत आणताना डोळे असे चमकत होते की मला वाटलं, लग्नच ठरलं. त्यानंतर नेली दाताच्या डॉक्टरांनी, आणि त्यांनी ती काउंटरवर आपटली.

"ही कादंबरी आहे की अर्धवट उपटलेली दाढ? बाईचा खून होतो, तपास होतो, सगळे चहा पितात, पुस्तक संपतं. खुनी कोण, ते नाहीच."

"ही उत्तराधुनिक कादंबरी आहे, डॉक्टर," प्राध्यापकबाई म्हणाल्या.

"उत्तराधुनिक म्हणे. आणि उत्तराचाच पत्ता नाही," शिंपी वर्तमानपत्रामागून म्हणाला.

"अहो, सगळी गंमत समासात आहे. तिथला तो दुसरा वाचक दर वेळी वेगळ्यालाच खुनी ठरवतो. कधी स्वयंपाकी, कधी दीर, शेवटी तर तपास करणाऱ्यालाच."

"कुठला दुसरा वाचक? समास कोरा आहे, बाई."

बाईंनी पुस्तक ओढून घेतलं आणि पान खिडकीच्या उजेडात धरलं. समासभर पट्ट्या. मग आम्ही सगळ्यांनी वळून काउंटरकडे पाहिलं.

झालं होतं ते असं. लेखकाने कुणीतरी पेन्सिलीने खरडल्यासारखा मजकूर मुद्दाम करड्या शाईत छापून घेतला होता. मावशींनी खोडून पाहिलं. जाईना. ही काहीतरी नवी हट्टी पेन्सिल दिसते, असं म्हणून त्यांनी दोन संध्याकाळी खपून पट्ट्या लावल्या. आणि हे दोघे वेगवेगळंच पुस्तक वाचून एकमेकांच्या उरावर बसले होते.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्वतःच्याच पुस्तकावर लेखकाने गिरगटायचं, छापखान्याने ते छापायचं, आणि अपराधी मी. पुढच्या खेपेला पान फाटलेलंही छापतील. तेही शिवत बसू का?"

वाचनालयात उभी फूट पडली. डॉक्टर आणि शिंपी म्हणू लागले, पट्ट्यांनीच पुस्तक जरा बरं झालं. दुसरीकडून 'कलेचा खून, कलेचा खून' असा धोशा. त्यात प्राध्यापकबाईंनी समजूत घालायला जाऊन आगीत तेल ओतलं. "मावशी, रागावू नका. खरं तर तुमच्या पट्ट्या म्हणजे या कादंबरीचाच पुढचा भाग आहे."

"बाई, मी काम करत होते," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "तुमची मजा पहिल्या पानावर मरू नये म्हणून माझी मारली मी, इतकी वर्षं. त्याला तुमच्या खेळात ओढू नका."

शेवटी अध्यक्ष आले. शांतता हवी असलेला माणूस नेहमी एकट्यादुकट्यालाच गाठतो. "मावशी, लेखी माफी द्या, नाहीतर काउंटर सोडा."

मावशींनी किल्ल्या त्यांच्यासमोर ठेवल्या. काउंटरच्या बाहेर आल्या, तिथेच उभ्या राहून सभासद झाल्या आणि तेच पुस्तक स्वतःच्या नावावर घेऊन गेल्या. मला, खोटं कशाला बोलू, टाळी वाजवावीशी वाटली. पण हात खिशातच ठेवले.

आता काउंटरवर कुणीच नीट टिकत नाही, शिंप्याला रान मोकळं आहे, आणि पुस्तक काही परत येत नाही. अध्यक्षांचे निरोप गेले, ते वाया गेले. परवा त्यांनी मला पिटाळलं. रिकामा म्हातारा, दुसरं कोण.

मावशींनी दार अर्धंच उघडलं. हातात पुस्तक, आत बोट घातलेलं. ओल्या कापसाने पट्ट्या सोडवलेल्या दिसत होत्या.

"भाऊ, स्वयंपाकी नव्हे. दीरही नव्हे. माझा संशय त्या समासातल्या शहाण्यावर आहे. त्याला बाईच्या खोलीतला पडदा कुठल्या रंगाचा, ते कसं माहीत?"

"पण प्राध्यापकबाई म्हणतात, खुनी नाहीच. तीच तर मजा."

"मजा?" मावशींचा चेहरा लालबुंद झाला. "ती बाई मेली आहे. कुणी मारल्याशिवाय मेली का? ज्यांना मजा वाटते त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. मला कळल्याखेरीज हे पुस्तक या घराबाहेर जाणार नाही, जा सांगा तुमच्या अध्यक्षांना."

दार लागलं. कडीसुद्धा रागातच पडली.