रोहण्याच्या डब्यातला सूर्य

जायचं ठरलं ते मामांच्या फोनमुळे. मामा आर्वीकडच्या रोहणा गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. “शनिवारी शाळेत भाषण हाये माझं. सूर्यातली ऊर्जा डब्यात कशी आणायची, ते सांगतो पोट्ट्यांले. तू कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्याआधी एकदा पाहून जाजो.”

कल्पना अशी: धातूच्या पोकळ गोळ्याला जबरदस्त धन प्रभार द्यायचा. आतले धन कण चहूबाजूंनी ढकलले जातील, मधोमध आदळतील, एकमेकांत मिसळतील आणि सूर्यातल्यासारखी ऊर्जा निघेल. फोन ठेवला आणि माझा चेहरा उतरला. बंद गोळ्याच्या आत तो प्रभार कुणालाच ढकलत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण मामांनी त्यावर दोन वह्या भरल्या होत्या.

गुरुवारी सकाळी नागपूरहून गाडी काढली. केळझरच्या गणपतीला थांबले आणि खरं सांगते, धीरच मागितला. जाणार असाल तर सकाळीच जा, निवांत दर्शन होतं. वर्ध्यात तर्री पोहे खाल्ले, मामींसाठी गोरसपाक, म्हणजे तिथली तुपातली बिस्किटं, घेतला. दोन्ही मिळून दोनशेच्या आत. पुढे पुलगाववरून आर्वीचा रस्ता धरला. दोन्हीकडे कापूस फुटलेला आणि माझं मन मात्र वाक्यं जुळवत होतं.

रोहण्याला पोचून जेवणं झाल्यावर मी कशीबशी म्हणाले, “मामा, आत जोर लागत नाही हो.”

“काऊन नाई?”

“एका बाजूची भिंत जवळ, पण दुसऱ्या बाजूला भिंत जास्त. सगळे धक्के एकमेकांना खोडतात.”

मामा उठले. त्यांच्या वर्गाचा नियमच होता, आधी करून पाहायचं, मग बोलायचं. मामींचा चिवड्याचा स्टीलचा डबा रिकामा झाला आणि थर्माकोलवर बसला. प्लास्टिकचा पाइप घोंगडीवर घासून डब्याला प्रभार दिला. रेशमी दोऱ्याला कापसाचा तंतू बांधून त्यालाही तोच दिला. बाहेर धरला, तर तंतू झटकन दूर पळाला. आत मधोमध सोडला, तर सरळ लोंबकळत राहिला. मामांनी तो भिंतीजवळ नेला. आता तरी मध्ये ढकलला जाईल म्हणून आम्ही वाकून पाहत होतो, तर तो भिंतीलाच जाऊन चिकटला; तंतूच्याच प्रभारानं जवळच्या भिंतीत विरुद्ध प्रभार ओढून घेतला होता.

“हा तं उलटाच चालला!” मामा म्हणाले. हसले नाहीत. वही मिटली आणि अंगणात जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं.

मामी चहा घेऊन आल्या. “त्याइले बसू द्या जरा. अन् माहा चिवडा ताटात उघडा पडून हाये, तो संपवा.”

शुक्रवारी निघताना मी सांगितलं की आत ऋण प्रभाराची जाळी ठेवली तर कण तिच्याकडे खरंच धावतात, मधोमध थोडेफार जुळतातही. फक्त मिळते त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा खर्ची पडते. मामांनी ते लिहून घेतलं, भाषणाबद्दल मात्र अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी, मी घरी कपड्यांच्या घड्या करत असताना, फोन आला.

“डबाच घेऊन गेलतो शाळेत. एका पोरीनं इचारलं, गुरुजी, मंग तुमी चुकले का? म्हटलं, हो बाई, दोन वह्या भरून चुकलो. आता सारे जण वही काढा, अन् काऊन चुकलो ते लिहा.”

मागून मामींचा आवाज आला, डबा शाळेतच राहिला म्हणून. मला इतकं हलकं वाटलं की त्या भरात नवा डबा आणायचं कबूल करून बसले.