एकतर्फी निकाल

फुटबॉल पायांनी खेळतात असं जग म्हणतं. माझे आतोबा तो टाकाने खेळत, आणि अख्ख्या नगरात त्यांच्याइतका खेळलेला दुसरा माणूस नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, कोर्टातले नकलनवीस. तीस वर्षं दुसऱ्यांच्या निकालांच्या नकला उतरवून त्यांना स्वतःचा एखादा निकाल देण्याची भूक लागली होती, आणि ती त्यांनी आमच्या फुटबॉल क्लबावर भागवून घेतली. दर वर्षी मोसम संपला, की क्लबातले उत्तम खेळाडू कोण हे ते ठरवत. तसं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण नको म्हणायची छातीही कोणाची नव्हती.

मोसमभर ते छत्री आणि वही घेऊन गोलाच्या खांबामागे उभे असत. चेंडू नाकावर आदळला तरी आधी नोंद, मग नाक. नुसत्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नसे, साक्षी लागत. मैदानाकडेला शेंगा विकणारा तिसगावचा म्हातारा हा त्यांचा कायमचा साक्षीदार. "आता म्या शेंगा मापू का बॉल बगू, भाऊसाहेब? पर त्यो लांबडा गडी लई पळतोय, येवढं खरं हाय," असं तो म्हणे, आणि आतोबा ते शपथेवरची जबानी म्हणून उतरवून घेत. मग आठवडाभर कोणी काही विचारलं तरी 'निकाल राखून ठेवला आहे' एवढंच उत्तर. आत्या म्हणे, "भाजी कोणती आणायची ते यांना ठरवता येत नाही, आणि अकरा उनाडांचा न्याय करायला बसलेत!" शेवटी एका रविवारी क्लबाच्या पत्र्याच्या खोलीपुढे 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी'सकट निकालाचं वाचन होई, आणि पहिल्या नंबराला आतोबांच्या हातून नारळ मिळे.

तो नारळ मला हवा होता. आज हसू येतं, पण तेव्हा नोकरीपेक्षा, लग्नापेक्षा तो हवा होता. मी मागच्या फळीत खेळायचो. पलटणीतले गोरे बूट घालून अंगावर येत आणि मी अनवाणी त्यांना आडवा जाई. माझ्या नडग्या अजून त्याची साक्ष देतील. पण न झालेल्या गोलाची नोंद कशी करणार? सलग पाच वर्षं माझ्या नावापुढे एकच शेरा आला: 'पुराव्याअभावी फेटाळण्यात येत आहे.' एकदा चिडून मी म्हणालो, "आतोबा, निदान घरचा म्हणून तरी!" चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "घरचा आहेस म्हणूनच पुरावा दुप्पट लागेल." त्या दिवशी मी आत्याकडे जेवलो नाही.

लढाईच्या दिवसांत मला खडकीला नोकरी लागली आणि मी नगर सोडलं. वर्षभराने आतोबांचं कार्ड आलं. कोर्टी वळणाचं अक्षर, मायना नाही. 'ज्याअर्थी अर्जदार मोसमभर गैरहजर होता, आणि ज्याअर्थी त्याच्या गैरहजेरीत क्लबावर पूर्वीच्या तिप्पट गोल चढले, त्याअर्थी पुरावा शाबीत. पहिला नंबर. निकाल एकतर्फी. नारळ येऊन घेऊन जाणे.' खानावळीत बसून मी ते वाचलं, आणि शेजारच्या पाटावरच्या अनोळखी माणसालाही वाचून दाखवलं.

खडकी काही लंकेत नव्हती. पण आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तीन वर्षं गेली. तोवर गोरी पलटण गेली, आमचे गडी पोटामागे पांगले, आणि क्लबाच्या खोलीचे पत्रेही कोणीतरी काढून नेले. शेवटी मी नगरला आत्याकडे गेलो, तेव्हा आतोबांनी कपाटातून लाल फडक्यातलं दप्तर काढून सोडलं. सगळ्या निकालांच्या कागदांमध्ये नारळ ठेवलेला होता.

"दोनदा चटणीला मागितला मी," आत्या म्हणाली, "हात लावू दिला नाही."

आतोबांनी तो माझ्या कानाशी हलवला. आत सुकलेलं खोबरं खुळखुळलं. "पाणी आटलं," ते म्हणाले, "पण निकाल कायम आहे."

फार उशीर केला होता मी. नारळ माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "पुढच्या मोसमाला येतोस ना?" आता कुठला मोसम आणि कुठला क्लब, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"येतो," मी म्हणालो. इतक्या वर्षांत आतोबांपुढे मी दिलेली ती एकच खोटी साक्ष. आणि त्यांनी उलटतपासणी घेतली नाही.